बावीस मिनिटं

बर्फ मी करत नाही. मी पाणी सोडतो.
कढत पाणी, गाडीच्या शेपटाला बांधलेल्या फडक्यातून.
बर्फ त्याचा तो होतो.
एकतीस हिवाळे झाले, फ्रीसलंडमधल्या याच छपराखाली,
चारशे मीटरची ही लांबोडकी वाट.
हातावरच्या रेषा विसरेन, हिच्यावरचे चरे नाही.

विक्रम किती पाहिलेस, पाहुणे विचारतात.
मी भिंतीकडे बोट करतो. पाटी आहे ना.
नावं, देश, आकडे,
स्क्रूनं बसवलेली, खिळ्यानं नव्हे,
कारण उतरवायची असतेच कधीतरी.
जगाचे विक्रम दूर डोंगरातल्या विरळ हवेत होतात.
आमच्याकडे समुद्र उंबऱ्याशी, हवा सायीसारखी जाड.
इथं होतो तो फक्त या छपराचा विक्रम.
आम्हाला तेवढा पुरतो.

पाटीवर न चढलेलं एकच नाव मला पाठ आहे.
हार्मके डाउमा. डोक्कुमच्या पलीकडची,
बाप ट्रॅक्टर दुरुस्त करायचा.

तीन हजार मीटर. साडेसात फेऱ्या. दुसरी जोडी.
दुसऱ्या जोडीला बघतं कोण?
अर्धी माणसं वाटाण्याच्या सूपच्या रांगेत,
बँडवाला ट्रम्पेटमधली थुंकी झटकत होता.
शेजारच्या वाटेवर कझाकस्तानची तोगजान, उंच, घाईची,
पहिल्या दोन फेऱ्यांतच सगळं उधळून बसली.
हार्मकेनं डावा हात पाठीवर ठेवला,
जणू कुणासाठी काही लपवून आणलंय,
आणि निघाली.
एकतीस पूर्णांक चार. एकतीस चार. एकतीस पाच. एकतीस चार.
धावदोरा घालावा तशी. टाक्याला टाका.
पात्यावरून टाच सुटायची, खट्, परत बसायची, खट्,
आणि वळणावर पायावरून पाय टाकताना
मला माझाच बर्फ ऐकू यायचा,
रेशीम फाडल्यासारखा,
कुठंही न फाटता.

चार शतांशांनी विक्रम. मी मनात हिशोब केला: हातभर बर्फ.
रांगेतली माणसं पळत आली. हातात पेले,
टाळ्या कशा वाजवणार, म्हणून पाय आपटले.

तिसरी जोडी आली, गेली, जवळपासही नाही.
मग माझी पाळी.
हार्मके पहिलीच्या खुर्चीत, टोपी मागं सारून,
संत्रं सोलत बसलेली.
मी गाडी काढली. ती बघत होती.
आता खरं सांगतो:
त्या दिवशी हात लागून गेला.
पाणी ना जास्त ना कमी, खरवडायचं पातं केसभर खाली.
असा बर्फ मी आधी केला नव्हता,
नंतरही जमला नाही.
बारा मिनिटांत काच.
सोललेली फोड तिच्या हातातच राहिली.

पुढच्याच जोडीनं विक्रम नेला.
बावीस मिनिटं, सगळी मिळून.
मग आणखी दोघी.
तिसरीनं तिला मागं टाकलं ते एका शतांशानं,
अर्ध्या वितीचं अंतर.
कांस्य गळ्यात पडल्यावर ती परकी पोर रडली. हार्मके नाही.
पाटीवर पहिलीचं नाव चढलं. स्क्रू मीच पिळले.

परवा कालवा गोठला, नऊ वर्षांनी पहिल्यांदा.
गावाची बर्फ-तपासनीस आता तीच.
पहाटे गुडघ्यांवर बसून गिरमिटानं भोक पाडत होती.
मी न विचारताच म्हणालो,
बर्फ नेहमीसारखाच होता गं, तुझ्या वेळचा, नंतरचाही.
"खोटं," ती म्हणाली. मोजपट्टी भोकात सोडली.
"मी बघत होते. फार देखणा केला होतास."
मग अंगठ्यानं खूण धरून पट्टी वर काढली.
बारा सेंटिमीटर.
"माणसं पेलेल," म्हणाली. "तुझी गाडी नाही."