अकरा चौकोनांचं नाक

व्यापाऱ्यानं तीन चित्रं टाकली टेबलावर.
"यातली राणी काढा, नरसय्या. भिंतीवर लावायची,
तीन बाय चार. मागं एखादा घुमट घाला."

पहिल्यात ती बाजूनं बघते,
चिमटीत एक फूल, डोळा मासोळीसारखा लांब.
दुसरं कुणा गोऱ्या प्रवाशाच्या पुस्तकातलं,
गाल फुगलेल्या पावासारखे,
गळ्याला त्याच्याच गावची झालर.
तिसरं, ती गेल्यावर शंभर वर्षांनी काढलेलं.
त्यात दागिने तेवढे ओळखू येतात.

तिन्हींच्या खाली तेच: अमक्या सुलतानाची बेगम.
नाव कुठंच नाही.

वडलांनी भिंग फिरवलं.
"ए मुक्कू?" म्हणाले. मुक्कू म्हणजे नाक.
तीन चित्रं, तीन नाकं.

"पडद्यातली बाई की हो ती," व्यापारी म्हणाला,
"चिताऱ्यानं तरी कुठं बघितलंय?
दासी बसवली असंल समोर, न्हाईतर तेबी न्हाई.
तुम्ही खपणारं नाक काढा."

साखर पेठेतली वरची खोली, ट्यूबलाइटला किडे.
चारशे हुकांचा जेकार्ड,
नाकाच्या वाट्याला अकरा चौकोन.
अकरात शेंडा बसवायचा
की शेंड्यावरचा राग?
लाल भरलं तिथं कार्डाला भोक,
भोक तिथं दोरा वर.
मी कार्डं ओवत बसलेली,
माझ्या मांडीवर राणीची भोकं.

खाली आई विड्या वळत होती.
वडील उठले, जिन्याच्या वरच्या पायरीशी थांबले,
बराच वेळ.
तिनं मान वर केली नाही,
हजार पुरे व्हायचे होते.
मग आत येऊन त्यांनी खोडरबर शोधला.

महिन्याभरानं राणी मागावर चढली.
आधी पावलं, मग घागऱ्याचा घेर,
मग चिमूट, सगळ्यात शेवटी नाक:
डावीकडं जरासं बसलेलं,
लहानपणी उखळावर आपटलेलं.
चिमटीत फूल होतं की आणखी काही,
धाग्यात एवढं बारीक दिसत नाही.

"झकास!" म्हणून व्यापाऱ्यानं दोनशे नग उचलले.
त्या वेळी आई कारखान्यात माल द्यायला गेलेली.
मुनशीनं पन्नास विड्या छाटीत काढल्या,
"नरसय्याची बायको!" अशी हाक मारली,
आणि ती पुढं झाली.

एक नग बाद निघाला, घुमटात दोरा तुटलेला.
तो आमच्या खाटेमागं टांगलाय.
आई पानं कापता कापता कधीतरी वर बघते.
काल म्हणाली,
"हिची बोटं बघ की, कशी निवांत.
हिला पानं कापावी लागत नसतील."

वडलांनी रेडिओ जरा मोठा केला.