उलटे तारे

सेनापती बापट रस्त्यावर, सहाव्या मजल्यावर
माझ्या पडद्यावर एक मंदिर उभं आहे
ज्याच्या आत मला कधीच जाता येणार नाही.
मॉर्मन लोकांचं. आत जायला चिठ्ठी लागते, धर्माची.
माझ्या वाट्याला फक्त बाहेरचे दगड आलेत,
दुरुस्तीआधी मोजून काढायचे:
पायाशी पृथ्वी, मग चंद्र, मग सूर्य,
सगळ्यांच्या वर तारे.

चंद्र मी एकाच साच्यातून काढले.
कॉपी, पेस्ट, कॉपी, पेस्ट,
जेवणाच्या सुट्टीआधी एक भिंत संपली.
रात्री साडेनऊला, म्हणजे तिकडच्या सकाळी,
हॅन्सनबाईंचं उत्तर:
नीट बघा, प्रत्येक चंद्र वेगळा आहे.
तो वर्षभर भिंतीवरून फिरतो.
मग एकेक कोर पुन्हा काढली,
बीज, तीज,
चवथीच्या चंद्राकडे जरा कमीच बघत.

ताऱ्यांचंही तेच. पाच टोकं, एक खाली.
कुणाची तरी चूक असणार म्हणून
मी सगळे सरळ करून पाठवले.
सगळे परत आले.
ते उलटेच आहेत, बाईंनी लिहिलं,
उजेड वरून खाली येतोय ना.
आणि खालच्या ओळीत, जरा थांबून लिहिल्यासारखं:
असं माझे आजोबा म्हणायचे.
दुसरं कुणी दुसरं सांगेल.

एका मनोऱ्यावर सप्तर्षी आहेत,
पुढचे दोन तारे ध्रुवाकडे रोखलेले,
चुकलेल्याला वाट सापडावी म्हणून.
हे मला कुणी समजावायची गरज पडली नाही.

खिडकीतून खाली वडारवाडी दिसते.
निळ्या टाकीच्या मागचं घर आमचं.
आण्णा पाटे-वरवंटे घडवायचे,
वाघोलीच्या खाणीचा काळा दगड, कोपऱ्यात एक मासा.
एकदा मामाच्या गावाला जाताना
शिवेवरच्या दगडापाशी त्यांनी मला उभं केलं.
दगडाला म्हशी पाठ घासत होत्या.
वर चंद्र-सूर्य, खाली झिजलेलं काहीतरी.
म्हणाले, कुणीतरी कुणालातरी जमीन दिलीय,
हे दोघं असेतोवर.
कुणी दिली, कुणाला, ते पुसलं गेलं होतं.
हे दोघं तेवढे होते.

बाईंनी आतला एक जुना फोटो पाठवला, कामाचा नसलेला.
बारा बैलांच्या पाठीवर मोठं कुंड,
तीन-तीन बैल चारी दिशांना तोंड करून.
त्या पाण्यात जिवंत माणूस उतरतो
मेलेल्याच्या नावानं, त्याच्या वतीनं.
आणि मेलेल्याला नको असेल तर? मी विचारलं.
नाही म्हणायची त्याला मुभा असते, त्यांनी लिहिलं.
फोटो मी बराच वेळ मोठा करून बघत बसले.
आण्णांनी आधी एवढंच विचारलं असतं,
बैलांना वेसण का नाही?
मग खोकले असते. शेवटची चार वर्षं
त्यांच्या छातीत खाणीची भुकटीच बोलायची.

काल एका ताऱ्याच्या दगडावर, बाजूच्या अंगाला,
जिथं खालून कुणाची नजर पोचत नाही,
छिन्नीचे तीन तिरके घाव सापडले. सारख्या अंतरावर.
तक्त्यात रकाने आहेत: चिन्ह, माप, अर्थ.
चिन्हात काय लिहू, विचारलं.
बाई म्हणाल्या, ते चिन्ह नाही, सोडून द्या,
पाथरवटाची खूण असेल. मजुरी मोजायला.

मी सोडलं नाही.
वेगळ्या थरावर ते तीन घाव काढले,
छपाईत येणार नाहीत असे.

घरी आमचा पाटा आता मोरीत आहे, पालथा.
मिक्सर आल्यापासून त्यावर कपडे आपटतो.
पोटाशी आण्णांचे घाव आहेत, दोन सरळ, एक आडवा,
लिहिता येत नव्हतं म्हणून.
रात्री पाय धुताना
ते अंगठ्याला लागतात.