वाकून या

घरं विकणाऱ्या कचेरीत मी जाहिराती लिहिते.
एकोणीस वर्षं झाली.
कॉर्नवॉलच्या या टोकाला
घरांपेक्षा घरांची वर्णनं आधी खपतात.

आमच्याकडे एक हुकमी शब्द आहे: क्वेंट.
दार इतकं ठेंगणं की कपाळाला टेंगूळ यावं,
क्वेंट.
जिना शिडीसारखा, जमीन एका अंगाला कललेली,
सांडलेला वाटाणा आपणहून शेगडीकडे घरंगळत जातो,
क्वेंट.
भिंतीला ओल असली तर मात्र एकदाच लिहायचा.
लोक हुशार झालेत. दुसऱ्यांदा वाचला की त्यांना वास येतो.

नुसतं ‘जुनं’ म्हटलं तर गिऱ्हाईक छपराकडे बघतं.
क्वेंट म्हटलं की खिडकीतून समुद्राकडे.
जुनाट नव्हे, पुरातन तर नव्हेच;
जुनं, पण गालगुच्चा घ्यावासा वाटणारं,
दुसऱ्याच्या मुलासारखं,
संध्याकाळी ज्याचं त्याला परत देता येणारं.

मंगळवारी डिगरी हॉस्किंगकडे गेले,
मापाची फीत आणि कॅमेरा घेऊन.
वय ब्याऐंशी. हयात खेकड्यांचे पिंजरे विणण्यात गेली.
आता गुडघे जिन्याला नाही म्हणतात.
मुलीनं प्लिमथला एक खोली बघितली आहे,
तिथं दारं आपोआप उघडतात.

मी लिहीत होते, तो खांद्यावरून वाचत होता.
‘हे क्वेंट म्हणजे काय गं?’
‘लोकांना आवडेल असं.’
‘ते झालं. पण म्हणजे काय?’

मी दाराच्या कडीकडे बोट दाखवलं.
तो हसायलाच लागला. ‘ती? अगं, ती तर नवी आहे!’
एकाहत्तरच्या वादळात आधीची तुटली,
ही त्यानं ट्रुरोहून आणली, बसनं, कागदात गुंडाळून.
गल्लीतली माणसं बघायला आली होती.
टॅम्सिननं आठवडाभर
कुणी आलं नसतानाही दार उघडलं.

फडताळाचा निळा रंग? बोटीचा उरलेला.
खिडकी एवढीशी का?
‘वाऱ्याला कुणी मोठी खिडकी देतं का?’
आणि दार?
बापाला किनाऱ्यावर फुटक्या जहाजाचं लाकूड सापडलं,
ते तेवढंच होतं.

माझ्या वहीत कारणांचा रकाना नव्हता.
मी तो शब्द खोडला.

‘खोडलास तर किती कमी येतील?’
मी आकडा सांगितला.
त्यानं बोटांवर हिशेब केला:
प्लिमथच्या खोलीचे चौदा महिने.
‘मग राहू दे,’ म्हणाला.
‘ताज्या माशाला ओरडावं लागत नाही.
मी काही ताजा नाही.’
मग नवी कवळी बसवून पाहावी तसा
तो शब्द तोंडात दोन-तीनदा फिरवला,
क्वेंट, क्वेंट,
आणि माझा फोन हातात घेतला,
सहा वर्षांचा, कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेला,
उलटसुलट करून म्हणाला,
‘अरे वा, क्वेंट!’
आम्ही दोघंही हसलो. तो जरा जास्त.

घर चार दिवसांत गेलं.

पुढच्या वसंतात काही कागद द्यायला
त्या गल्लीत चढले.
नव्या मालकिणीनं प्रेमानं आत बोलावलं.
खेकड्यांचा पिंजरा छताला उलटा टांगलेला, आत दिवा.
कडी जपून ठेवली होती,
दारावर नाही, भिंतीवर, चौकटीत.
‘फार गोड माणूस असणार तो,’ ती म्हणाली.

आत जाताना मी सवयीनं वाकले होते.
तिनं विचारलं, ‘काही पडलं का?’
दार कधीच उंच करून घेतलं होतं.