मुंडकी

मलबार हिलच्या पॅलेसमधली सतरा मुंडकी काल उतरवली,
जिन्याखालच्या खोलीत ठेवली, तोंडं भिंतीकडे.
दरबारात मूळ रंगाचे गोल उरले,
त्यांवर कागदी पानं.
मॅडम म्हणाल्या, जंगल वाटलं पाहिजे,
वन्यजीव परिषद आहे, चाळीस देश येतायत.

शिडवा आरेच्या पाड्यावरचा.
फायबरचा बिबट्या त्यानं तीनदा फिरवला.
"असा समोर नाय बसत तो.
तुमी बघायच्या आधी
तो तुमाला बघून गेलेला असतो."
फोटोसाठी समोरच हवा होता.

रात्री दीड. दादरहून झेंडू यायचाय अजून.
शिडवा निघाला, खिशात बॅटरी.
शेवटची चढण गाणं म्हणत चढतो म्हणे,
त्याला कळावं, घरचाच माणूस आहे.

जिन्याखालचा दिवा मालवायला गेलो
आणि दाराशीच
उगाच खाकरलो.