आवक-जावक

बावीस वर्षं मी पॅरिशच्या ऑफिसात बसते आहे.
खिडकीतून खाडी दिसायची, पलीकडे कळव्याचे दिवे.
टॉवर झाल्यापासून खाडी बोटभर उरली.
बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाआधीच्या तीन जाहीर हाका,
फेस्ताच्या मांडवाची पावती,
सगळं माझ्या अक्षरात.
फादर बदलत गेले, अक्षर नाही बदललं.
याचा मला अभिमान होता.
होता, असं लिहिते आहे.

दोन वह्या. निळी आवक, लाल जावक.
येईल त्याला नंबर, जाईल त्याला नंबर.
डोकं लावायचं नाही.

आवक क्रमांक दोनशे बारा.
शाळेच्या वहीच्या मधलं पान, टाचणीची दोन भोकं तशीच.
मर्सियाना नुनीस, खालची आळी.
कोळंबी सोलणाऱ्या हाताचं अक्षर,
ओळ सोडून खाली घसरणारं:
‘आमचा ऑस्विन वेदीवर सेवेला जात नाही म्हणतो.
मिस्सा झाल्यावर झगे ठेवायच्या खोलीत
फादर त्याला एकट्याला थांबवतात.
त्याने सांगितलं ते मला लिहिता येत नाही.
बिशपसाहेबांनी बोलवावं. मी चालत येईन.’

विषयाच्या रकान्यात मी लिहिलं,
‘तक्रार, किरकोळ’.
कुणी सांगितलं नव्हतं.
रकाना लहान होता, असं मी स्वतःला सांगत आले.
पण ‘गंभीर’ला तीनच अक्षरं लागतात,
किरकोळपेक्षा एक कमी.

नवव्या दिवशी जावक अठ्ठ्याऐंशी. टाइप मीच केलं.
‘प्रकृतीच्या कारणास्तव बदली’,
उत्तरेला, डोंगराच्या अंगाला,
जिथे मुलांचं बोर्डिंग आहे.
मला ठाऊक होतं.
त्या बोर्डिंगच्या तांदळाच्या पावत्या
माझ्याच कपाटात होत्या.
निरोपाला केक होता.
मी दोन तुकडे खाल्ले.

दोनशे बाराच्या पुढे ‘उत्तर’ कोरं.

चौदा वर्षं गेली.
यंदा उपवासकाळात ऑस्विन आला.
एसी दुरुस्तीच्या कंपनीचा शर्ट, खिशात टेस्टर.
मिस्सा सुटताना पायरीवर उभा राहिला,
हातात पुठ्ठा: ‘मी अकरा वर्षांचा होतो.’
एवढंच.
पहिल्या रविवारी लोक त्याला वळसा घालून गेले,
सांडलेल्या पाण्याला घालतात तसा.
दुसऱ्या रविवारी फ्लोरी कोरिया त्याच्या शेजारी उभी राहिली,
मग रिटायर झालेले तुस्कानो सर, छत्री टेकत,
मग आळीतल्या बायका, बाजाराच्या टोपल्या खाली ठेवून.
झग्याची चौकशी झग्याने करायची नाही, म्हणाल्या.
बाहेरची माणसं हवीत. कमिटीत बायका हव्यात.
कागद ठाण्याच्या पोलिसांकडे जाऊ द्या.
आणि ‘बदली’ हा शब्द आधी बंद करा.

वरून उत्तर आलं. पाकीट मीच फोडलं.
‘ख्रिस्तसभा आपली आई आहे.
आईची अब्रू घराबाहेर नेऊ नये.’
फ्लोरीने पायरीवरच वाचलं, घडी घातली.
‘आई?
आईने तर पत्र लिहिलं होतं.’

त्या संध्याकाळी निळी वही पिशवीत घातली,
वर मेथीची जुडी.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
ऑफिसातून काहीतरी नंबराशिवाय बाहेर पडलं.

पोलिसांच्या आधी मर्सियानाकडे गेले.
तिला आता कमी दिसतं.
तिचं बोट धरून दोनशे बारावर ठेवलं,
आणि वाचून दाखवलं, किरकोळसुद्धा.
भांडेल म्हणून मी दाराजवळच बसले होते.
ती बोटाने रकाना चाचपत राहिली,
या रेघेपासून त्या रेघेपर्यंत.
‘ब्लांच,
उत्तराला एवढीच जागा ठेवली होतीस?’

मग उठली, अंधारात पायाने चपला शोधू लागली.
‘चालत येईन, असं लिहिलं होतं ना मी?
चल.’