चेन

राक्षसाची चेन पाठीवर असते.
त्याचा हात तिथवर पोचत नाही,
म्हणून आई रोज बर्बँकच्या स्टुडिओत,
ओठांत टाचण्या धरून.

रबरी कल्ल्यांतून स्ट्रॉ घालून
बाबा कॉफी प्यायचे.
तळ्यातून वर यायचे, नटीला उचलायचे,
'कट' झालं की पंजे उलटे करून
पाणी ओतायचे.
अंगाला ओल्या टायरचा वास,
रविवारी चर्चमध्येसुद्धा.

पडद्यावर तो करडा निघाला.
(खरा शेवाळी. मी डबा धरला होता रंगाचा.)
पोरं किंचाळली. शेजारचा क्लाइड खुर्चीखाली.
आई कुजबुजली,
"खांद्यावरचा टाका दिसतोय का गं?"

शेवटी त्याला जाळतात.
जळला तो दुसरा, भुसा भरलेला,
हे मला ठाऊक होतं.
तरी घरी आल्यावर
झोपलेल्या बाबांची पाठ
मी चाचपून पाहिली.