किमान पाच

जुनी प्रणाली शुक्रवारी रात्री बाराला बंद,
असं कुलसचिवांचं पत्रक.
मी 'मोडी लिपी : परिचय' शिकवते,
दुसरा मजला, जिन्याशेजारची खोली,
खिडकीत कबुतरं,
वारा तिकडून असला तर विश्वामित्रीचा वास.

संगणक केंद्रातला हिरेन म्हणाला,
मॅडम, बधुं आवी जशे.
आलंही. नऊ वर्षांच्या हजेऱ्या, टाचणं,
चुकून तीनदा चढवलेला एकच धडा.
फक्त जिथे मोडी होती
तिथे चौकोन, ओळीनं रिकामे,
फरशी बसवायला आखून ठेवल्यासारखे.

मी सांगितलं, ही लिपी हात न उचलता लिहितात.
तो म्हणाला, नव्यात दर पानाला 'पुढे' दाबावं लागतं.
हसलो दोघंही,
वेगवेगळ्या कारणांनी.

मग लाल पट्टी :
पाचांहून कमी विद्यार्थी असलेला वर्ग उघडता येणार नाही.
माझ्याकडे दोन.
ध्रुवी, जिला पणजोबांच्या जमिनीचा कागद वाचायचाय,
आणि चारुहास दिघे, का येतो ते त्याला सांगता येत नाही,
पण येतो.

तिसरं नाव टाकलं ग्रंथालयातल्या रणदिवेबाईंचं, विचारून.
चौथं त्यांच्या भाचीचं, न विचारता.
पाचवं सुचेना.
साडेसहा वाजलेले. दारात शनाभाई, हातात कुलूप.
म्हणाले, मारुं लखो ने.
जन्मतारीख?
एक जून. आमच्या गावात सगळ्यांची एक जून,
मास्तरनीच लिहिली.
वर्ग उघडला.

पहिला गृहपाठ : आपलं नाव मोडीत लिहून फोटो चढवा.
चारुहासनं मुदतवाढ मागितली.
रणदिवेबाईंचा पासवर्ड हरवला.
ध्रुवीनं चुकून जेवणाच्या ताटाचा फोटो पाठवला,
मग माफीचा.
भाचीला अजून पत्ता नाही.

शनाभाईंचा आला, पहाटे चार चौपन्नला.
दुधाच्या हिशेबाची वही.
आधी वरची रेघ ओढलेली, पार कडेपर्यंत,
मग तिला लोंबणारी अक्षरं,
नाव आणि आडनाव यांत फट नाही,
हात कुठेही उचललेला नाही.
कोपऱ्यात अंगठा आलाय फोटोत.

नऊ वर्षं माझा फळा तेच पुसतात.
पुसण्याआधी वाचत असतील,
हे जुन्या प्रणालीत
कुठल्या रकान्यात होतं?

नवी विचारते, गुण, दहापैकी.
शेऱ्याच्या चौकटीत मोडी लिहून पाहिली :
चौकोन, चौकोन, चौकोन.
खोडले.

नऊ दिले.
एक कुठे गेला म्हणून विचारायला
ते वर येतील,
चाव्या वाजवत.
तोवर फळा
मी आज तसाच ठेवलाय.